शोधगंगा: पाच लाख प्रबंध, फुकट, आणि कुणाची चिठ्ठी न लागता

तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल असलं की एक प्रश्न रोज कानावर येतो. ‘मॅडम, ह्या विषयावर काही मिळंल का?’ विषय कधी बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट असतो, कधी साखर कारखान्याच्या बॉयलरची राख, कधी पाचवीच्या मुलांना अपूर्णांक का जमत नाहीत हे. आमच्या कपाटांत या तिन्हींवर धड एक पुस्तक नाही. विकत घ्यायचं म्हटलं तरी ते बाजारात नसतं. औसा-निलंग्याच्या विहिरींवर पुस्तक छापणार कोण आणि घेणार कोण? पण काम झालेलं असतं. कुणीतरी आयुष्यातली काही वर्षं घालून, उन्हातान्हात गावोगाव हिंडून, पाण्याच्या बाटल्या भरून आणून पीएच.डी. केलेली असते. ते काम जिथे घरबसल्या वाचता येतं ती जागा म्हणजे शोधगंगा. लातूर जिल्ह्यात बसून मी ही सेवा अनेक वर्षं वापरते आणि दुसऱ्यांना वापरायला शिकवते. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे सांगते, आणि तो बहुतेक करून शोधगंगेमुळे कापलेला नाही.

आधी ओळख. शोधगंगा चालवतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं आंतरविद्यापीठीय केंद्र. आयोगाने 2009 साली पीएच.डी.चे जे नियम काढले, त्यात एक अट घातली: पदवी जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत विद्यापीठाने प्रबंधाची सॉफ्ट कॉपी जमा करायची, आणि ती इन्फ्लिबनेटवर सगळ्यांसाठी ठेवली जाईल. 2016 च्या नियमांनी ही अट आणखी आवळली. आता प्रत आधी, पदवीची घोषणा नंतर. या एका कलमाने जे झालं ते ग्रंथालयशास्त्राच्या दहा परिषदांनी झालं नसतं असं मला मनापासून वाटतं. आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. भौतिकशास्त्रापासून शिक्षणशास्त्रापर्यंत, स्थापत्य अभियांत्रिकीपासून लोकसाहित्यापर्यंत. नोंदणी करावी लागत नाही, पासवर्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत, कुठल्या महाविद्यालयाचे आहात हेही कुणी विचारत नाही.

ज्यांनी याआधी संशोधन केलं त्यांना याची किंमत कळेल. आमच्या भागातल्या माणसाला प्रबंध बघायचा तर विद्यापीठ गाठावं लागायचं. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याआधी सरळ तेव्हाचं औरंगाबाद. मार्गदर्शकाची चिठ्ठी, महाविद्यालयाचा शिक्का, ग्रंथपालांची परवानगी, आणि मग संदर्भ विभागातल्या कुलूपबंद कपाटातून काढलेला, काळ्या रेक्झिनच्या बांधणीतला, सोनेरी अक्षरांचा प्रबंध. तिथेच बसून वाचायचा, तिथेच उतरवून घ्यायचा. झेरॉक्सला बहुतेक ठिकाणी मनाई. संध्याकाळची शेवटची एसटी चुकू नये म्हणून अर्धवट उतरवलेला तक्ता तसाच टाकून कितीतरी जण उठले असतील. ज्या माणसाच्या घरचं शेत त्या प्रबंधात मोजलेलं होतं, त्याला तर त्या खोलीत पाऊलही टाकता येत नव्हतं.

आता ती खोली उघडी आहे. पण आत शिरल्यावर नवखा माणूस बावरतो, म्हणून वापरायचं कसं ते थोडं सांगते.

प्रबंध तिथे एकाच फाइलमध्ये मिळत नाही. मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, अनुक्रमणिका वेगळी, प्रत्येक प्रकरण वेगळं, संदर्भसूची आणि परिशिष्टं वेगळी. फाइलींना 01, 02 असे आकडे आणि पुढे इंग्रजीत नाव. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे तुकडे तुकडे वाटतात. पण आमच्याकडे निम्मी मुलं मोबाइलच्या डेटावर वाचतात, त्यांना ही मांडणी फार सोयीची आहे. हवं ते प्रकरण तेवढं उतरवायचं. माझी सवय सांगते: यादीत तळाशी बहुतेक वेळा 80 हा आकडा आणि ‘रेकमेंडेशन’ असं नाव असलेली फाइल असते. ती आधी उघडायची. त्यात शीर्षकाचं पान आणि निष्कर्षाचं प्रकरण एकत्र असतं. पाच मिनिटांत कळतं की हा प्रबंध आपल्या कामाचा आहे की नाही. असेल तर मग तिसरं-चौथं प्रकरण, जिथे काम कसं केलं ते लिहिलेलं असतं. आणि त्यानंतर, काहीही झालं तरी, परिशिष्ट.

परिशिष्टाबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण शोधगंगेचं खरं धन तिथे आहे असं माझं मत आहे. तोच संशोधक जेव्हा नियतकालिकात शोधनिबंध छापतो तेव्हा त्याला आठ-दहा पानं मिळतात. त्यात आलेख येतो, सरासरी येते. ज्या नोंदींवरून ती सरासरी काढली त्या येत नाहीत. प्रबंधात त्या येतात. कुठल्या गावातल्या कुठल्या विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात घेतलं, कुठल्या शाळेत किती मुलं गैरहजर होती, काँक्रीटचा कुठला ठोकळा यंत्रात वेळेआधीच फुटला, हे सगळं. जगाला त्याचं सोयरसुतक नसेल. आम्हाला आहे.

एक उदाहरण देते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी भूजलावर प्रकल्प करत होती. सोबत तिचे आजोबा आले होते, शेतकरी, साठीच्या पुढचे. तिला मी तालुक्याचं नाव आणि ‘ग्राउंडवॉटर’ असं टाकून शोधायला लावलं. भूगोलाचे, भूशास्त्राचे, रसायनशास्त्राचे, पर्यावरणशास्त्राचे असे वेगवेगळ्या विभागांतले प्रबंध समोर आले. एकाचं परिशिष्ट उघडलं. लांबलचक तक्ता. डावीकडे गावांची नावं, मग विहीर की बोअर, मग खोली, सामू, विरघळलेले क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड. उन्हाळ्यातल्या नोंदी वेगळ्या, पावसाळ्यानंतरच्या वेगळ्या. पोरगी आकडे वहीत उतरवायला लागली. आजोबा चष्मा पुढे ओढून नावं वाचत होते. इंग्रजी त्यांना अक्षरं लावून वाचता येतं एवढंच. एका ओळीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, ‘ताई, हे आमचंच गाव हाय की! आणि ही मारुतीच्या देवळामागची हीर असंल. दुसरी कुठली एवढी खोल न्हाई.’

मग त्यांनी विचारलं, ह्या आकड्यांचा अर्थ काय? तेव्हा आम्ही तिघांनी मिळून भारतीय मानक 10500 बाजूला उघडलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम, त्यात कुठलीही सवलत नाही. फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. विरघळलेले क्षार 500 पर्यंत ठीक, पर्याय नसेल तर 2000. एकेक आकडा त्यांनी आपल्या गावाच्या ओळीशी ताडून पाहिला. नायट्रेटच्या रकान्यावर ते बराच वेळ थांबले. युरिया, उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीच्या जवळ असला की ते पाण्यात उतरतं, आणि बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा सगळ्यात जास्त धोका असतो, हे नातीने त्यांना वाचून दाखवलं. उकिरडा कुणाचा आणि विहिरीपासून किती अंतरावर, हे त्यांना तक्त्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली आणि इथेही सांगते. प्रबंधातला आकडा त्या दिवसाचा असतो. त्यानंतर पाऊस झाला, दुष्काळ पडला, नव्या बोअर पडल्या. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेला हा जिल्हा आहे, इथल्या भूजलाची पातळी एका जागी थांबत नाही. त्यामुळे आजचं पाणी प्यायचं की नाही हे प्रयोगशाळेतून तपासूनच ठरवायचं. पण तुमच्या गावचं पाणी दहा वर्षांपूर्वी कसं होतं, हे सांगणारं दुसरं काहीही तुमच्या हाताशी नसतं. सरकारी निरीक्षण विहिरी असतात, पण प्रत्येक गावात नाहीत. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आपल्याच भागातला असतो, मामाच्या गावाला मुक्काम करून आसपासची गावं पिंजून काढतो. हे बारीक काम दुसरं कुणी करत नाही. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आमच्या जमिनीखाली काय आहे हे बघायला मोठमोठ्या संस्था आल्या, ते योग्यच झालं. पण विहिरीतलं पाणी वर्षाचे दोन हंगाम मोजत राहायला विद्यापीठाचा विद्यार्थीच लागतो.

अभियांत्रिकीचं उदाहरण थोडक्यात. आमच्या पट्ट्यात साखर कारखाने आहेत, आणि बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळल्यावर उरलेली राख त्यांच्या आवारात ढिगाने पडते. काँक्रीटमध्ये सिमेंटचा काही भाग कमी करून तिथे ही राख घालायची, यावर देशभर खूप काम झालं आहे. स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा या प्रकल्पावर अडला होता. त्याने गोळा केलेल्या शोधनिबंधांत एकजण म्हणत होता ताकद वाढली, दुसरा म्हणत होता घटली. प्रबंध उघडल्यावर उलगडा झाला. राखेत सिलिका भरपूर असते, पण ती कामाची ठरायची तर राख बारीक हवी आणि नीट जळालेली हवी. बॉयलरमधून थेट उचललेल्या राखेत न जळालेला कोळसा राहतो आणि तो घात करतो. कुणी राख चाळून घेतली होती, कुणी दळून, कुणी भट्टीत पुन्हा भाजून. शोधनिबंधात हे एका वाक्यात उरकलेलं होतं. प्रबंधात भट्टीचं तापमान, चाळणीचं माप, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फोडलेल्या प्रत्येक 150 मिलिमीटरच्या ठोकळ्याची नोंद, सगळं होतं. एका ठिकाणी तर संशोधकाने सरळ लिहिलं होतं की पहिली खेप फुकट गेली आणि मिश्रणाचं प्रमाण नव्याने ठरवावं लागलं. अशी कबुली छापील निबंधात सहसा सापडत नाही, आणि शिकणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

आता शिक्षणशास्त्र. इथे माझं मन सगळ्यात जास्त गुंतलेलं आहे, आणि कापलेला अर्धा ताराही इथलाच.

मराठीत लिहिलेले प्रबंध शोधगंगेवर भरपूर आहेत, आणि त्यात शिक्षणशास्त्राचे लक्षणीय आहेत. प्राथमिक शाळेतलं गणित, आश्रमशाळांतली गळती, वाचनाचा वेग, स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण, डी.एड.च्या अभ्यासक्रमाची परिणामकारकता. जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक शिक्षिका एम.एड. करते आहे, तिला अपूर्णांकांवर काम करायचं होतं. तिला हवी होती संपादणूक चाचणी, म्हणजे पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीसाठी वापरलेली तयार प्रश्नपत्रिका, जिची विश्वसनीयता कुणीतरी आधी तपासलेली आहे. अशी चाचणी विकत मिळत नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात ती अख्खी असते, उत्तरसूचीसकट, गुणदानाच्या कसोट्यांसकट. ‘पोळीचे चार समान भाग केले’ पासून ते छेद वेगळे असलेल्या बेरजेपर्यंत प्रश्न कसे चढत गेले आहेत हे बघून तिला आपल्या चाचणीचा आराखडा करता आला. मुलं कुठे चुकतात, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात, हे तिला वर्गात दिसतच होतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलांच्या चुकाही तशाच आहेत हे तक्त्यात बघणं मात्र वेगळं. ‘म्हणजे माझ्या शिकवण्यातच खोट नाही,’ असं ती म्हणाली, आणि लगेच कामाला लागली.

पण हा प्रबंध तिला सापडला कसा, ते ऐका. सरळ शोधून सापडला नाही. मराठीत ‘अपूर्णांक’ टाकलं, हाती काही लागलं नाही. शेवटी विद्यापीठ निवडून, त्यातला शिक्षणशास्त्र विभाग निवडून, शीर्षकांची यादी एकेक करून चाळली. कारण असं की मराठी प्रबंधांपैकी पुष्कळसे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी अक्षर म्हणून ओळखता येईल अशा पद्धतीत, टाइप केलेले नाहीत. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये ते विद्यापीठासमोरच्या टायपिंगच्या दुकानांतून तयार झाले. कागदावर ते सुरेख दिसतात. पण संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच. कृतिदेवात लिहिलेला ‘शिक्षण’ हा शब्द पीडीएफमधून उचलून दुसरीकडे चिकटवा, मिळतं काय? इंग्रजी एफ, अवतरणचिन्ह, के, महिरपी कंस, पुन्हा के, टिंब आणि आणखी एक के. शोधयंत्राने यात शिक्षण कुठून शोधावं? स्क्रीन रीडरवर ऐकून वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तर हा प्रबंध असून नसल्यासारखा आहे. आणि जे प्रबंध नुसते स्कॅन केले आहेत, त्यांच्यात अक्षरं नाहीतच, फक्त पानांची चित्रं आहेत. काही विद्यापीठांनी जुने प्रबंध स्कॅन करताना पानं तिरकी आली, कडेचा रकाना कापला गेला, तरी तसेच पाठवले. शोधगंगा तिच्याकडे जे येतं ते ठेवते. नोंदी भरण्याचं काम विद्यापीठांचं आहे.

नोंदी हाही आमच्या व्यवसायातला जिव्हाळ्याचा विषय. मराठी शीर्षक एखादं विद्यापीठ देवनागरीत भरतं, दुसरं रोमन लिपीत. रोमनमध्ये एकच शब्द तीन तऱ्हांनी. औसा कुणी ए-यू ने लिहितं, कुणी ओ-डब्ल्यू ने. मार्गदर्शकाचं आडनाव कुठे आधी, कुठे नंतर. त्यामुळे माझा सल्ला असा: शोधताना देवनागरीत एकदा, रोमनमध्ये स्पेलिंग बदलून बदलून, आणि इंग्रजी विषयशब्द टाकून, असं सगळ्या बाजूंनी शोधा. एवढ्यावर थांबू नका, विभागाची यादी उघडून डोळ्यांखालून घाला. एक चांगला प्रबंध सापडला की त्याच्या मार्गदर्शकाच्या नावाने शोधा. त्यांच्या हाताखालच्या इतर विद्यार्थ्यांची कामं मिळतात, आणि पुष्कळदा एकाच प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजू त्यांनी धरलेल्या असतात. या वाटेने मला जेवढं सापडलं तेवढं शोधाच्या चौकटीतून नाही.

आता दर्जाचं. पाच लाख प्रबंध म्हणजे पाच लाख चांगले प्रबंध नव्हेत. काही वाचताना जीव तुटतो: नमुना हाताशी असेल तो, प्रश्नावली घाईत भरून घेतलेली, आणि निष्कर्ष असे की जे काम न करताही लिहिता आले असते. पण ते उघड्यावर आहे म्हणून तर आपल्याला दिसतं. कुलुपात असतं तर ते तसंच प्रमाण मानलं गेलं असतं. आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले. 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरायचं, त्यापुढे 40, 60 अशा पायऱ्यांनी कारवाई चढत जाते. प्रबंध दाखल होण्याआधी सॉफ्टवेअरने तपासला जातो, आणि मिळताजुळता मजकूर धरायचा तर जुने प्रबंध असे एका जागी असण्याचा मोठा आधार होतो. उचलेगिरी करणाऱ्याला आता पूर्वीइतकं निर्धास्त राहता येत नाही. विद्यार्थ्यांना मी बजावते: इथलं साहित्य फुकट आहे, बेवारस नाही. बिनव्यापारी वापर करा, पण नाव देऊन. संशोधक, शीर्षक, विद्यापीठ, वर्ष, आणि 10603 ने सुरू होणारा हँडल क्रमांक. हा क्रमांक पुस्तकाच्या दाखल क्रमांकासारखा कायमचा असतो, संकेतस्थळाची रचना बदलली तरी त्यावरून प्रबंध सापडतो. कितीतरी जण नुसतं ‘शोधगंगा’ एवढंच संदर्भात लिहितात. त्याने कुणालाच काही सापडत नाही.

सगळंच इथे मिळेल असं समजू नका. एम.एस्सी., एम.एड.चे लघुप्रबंध इथे शोधू नका, हे पीएच.डी.चं भांडार आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्रबंध त्यांच्या स्वतःच्या भांडारात बघायचे. आणि शेतीचा विषय असेल तर कृषिकोष उघडायचं. परभणी, राहुरी अशा कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथे मिळतात, एम.एस्सी. कृषीचेसुद्धा. सोयाबीन, तूर, जमिनीतला सेंद्रिय कर्ब असं काही विचारायला कुणी आलं की मी आधी तिकडेच पाठवते. ज्यांची नोंदणी झाली आहे पण प्रबंध व्हायचा आहे अशा संशोधकांचे आराखडे शोधगंगोत्रीवर बघायचे. आपण निवडलेल्या विषयावर दुसरं कुणी आधीच बसलं आहे का, हे तिथे कळतं. नोंदणीच्या आधी हे पाहायचं असतं, आणि बहुतेक जण नंतर पाहतात.

एक तुलना मात्र करायला हवी. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं, आणि तीही इन्फ्लिबनेटमार्फतच. मोठं काम आहे, मला त्याचा आनंद आहे. पण ते केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांमधल्या लोकांसाठी आहे. संस्थेत आहात तोवर दार उघडं. पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलगी, गावात दुकान टाकलेला अभियंता, निवृत्त मुख्याध्यापक, हे त्यात बसत नाहीत. शोधगंगेला तुम्ही कोण हे माहीत करून घ्यायचंच नसतं. करदात्यांच्या पैशातून शिष्यवृत्ती दिली, प्रयोगशाळा उभारल्या, तर निघालेलं ज्ञान करदात्याला विनाअट मिळालं पाहिजे. हे तत्त्व मी देशातल्या शिक्षणव्यवस्थेत इतकं स्वच्छ अमलात आलेलं दुसरीकडे पाहिलेलं नाही.

म्हणून शिक्षकांनी, पत्रकारांनी, ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी, पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत राबलेल्या गावांनी, सगळ्यांनी ही सेवा वापरावी असं माझं कळकळीचं सांगणं आहे. बालविज्ञान परिषदेसाठी प्रकल्प करणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांच्या शिक्षकांनी तर नक्कीच. मुलांना सगळा प्रबंध झेपणार नाही, पण ‘नमुने कसे गोळा केले’ हे प्रकरण शिक्षकाने वाचून सांगितलं तर बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, त्यावर तारीख-वेळ लिहायची, उन्हात ठेवायची नाही, एवढं तरी मुलं कायमचं शिकतात.

आणि जे आत्ता प्रबंध लिहीत आहेत त्यांना, विशेषतः मराठीत लिहिणाऱ्यांना, ग्रंथपाल म्हणून हात जोडून विनंती. टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्या. दुकानदार जुन्या फाँटचा आग्रह धरत असेल तर दुकान बदला. परिशिष्टातले तक्ते फोटो काढून चिकटवू नका, टाइप करा, म्हणजे ते शोधात येतील. चाचणीची उत्तरसूची गाळू नका. विद्यापीठाला देण्याआधी पीडीएफमधला एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवून बघा, मराठी मराठीच राहते का. आणि गावांच्या यादीत प्रत्येक गावाचं नाव देवनागरीतही लिहा, समोर तालुका, आणि विहीर कुठली तेही: देवळामागची, शाळेजवळची, की पाटलांच्या मळ्यातली.